'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे नेमका कोणता शुक्रवार?

बँकेच्या व्यवहारात रकमेइतकेच महत्त्व तारखेला असते. धनादेशावरील रक्कम अंकांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहावयाची, हा दंडक आपण सारेच पाळतो. एकाविषयी शंका आली तर दुसऱ्याने खुलासा करावा, हा त्यामागील हेतू. मात्र इंग्रजीतून दिवस कळविण्याची वेळ आली की ही सावधगिरी आपण सोडून देतो. एका वाराच्या नावावर भिस्त ठेवतो आणि समोरच्याला नेमके तेच समजले असेल असे गृहीत धरतो.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांच्या कन्येला बेंगळूरुच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. शैक्षणिक कर्ज मंजूर झाले आहे. बुधवार, दि. ५ ऑगस्ट रोजी तेथील शाखेतून इंग्रजीत संदेश येतो : 'आपल्या हिश्शाची रक्कम बाय नेक्स्ट फ्रायडे भरावी.' लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात ७ तारीख आहे, वाचणाऱ्या वडिलांच्या मनात १४. महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची मुदत १० तारखेला संपते. वडील १३ तारखेला, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे एक दिवस आधीच, रक्कम घेऊन शाखेत जातात. दोघांपैकी कोणाचेही इंग्रजी अशुद्ध नव्हते. तरीही मुलीचा प्रवेश संकटात आला.

घोटाळ्याचे मूळ

'नेक्स्ट' हा शब्द मुळात 'जवळ' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचे तमभावदर्शक रूप आहे. म्हणजेच 'सर्वांत जवळचा'. या अर्थाने पाहिले तर बुधवारी उच्चारलेला 'नेक्स्ट फ्रायडे' हा दोनच दिवसांनी येणारा शुक्रवार ठरतो. परंतु पुष्कळ लोक आठवडा हा एकक धरून बोलतात. त्यांच्या लेखी चालू आठवड्यातील शुक्रवार तो 'धिस फ्रायडे' आणि पुढील आठवड्यातील तो 'नेक्स्ट फ्रायडे'. दोन्ही प्रयोग इंग्रजी मातृभाषा असलेल्यांत रूढ आहेत. तेव्हा अमुक एक अर्थ बरोबर असा निवाडा करण्यापेक्षा, हा शब्दप्रयोग एकट्याने विश्वासार्ह नाही, हे ओळखणे शहाणपणाचे.

जुना अर्थ कायद्याच्या भाषेत आजही टिकून आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ नुसार, वचनचिठ्ठीची अथवा विनिमयपत्राची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती 'नेक्स्ट प्रिसीडिंग बिझनेस डे' रोजी देय मानली जाते. येथे 'नेक्स्ट' म्हणजे पुढचा नव्हे, तर लगतचा. रविवारी मुदत भरणारे विनिमयपत्र सोमवारी नव्हे, तर आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय होते.

इंग्लंडची रीत

ब्रिटिश इंग्रजीत या अडचणीवर एक सुटसुटीत तोडगा आहे. 'फ्रायडे वीक' किंवा 'अ वीक ऑन फ्रायडे' म्हणजे येत्या शुक्रवारनंतर सात दिवसांनी येणारा शुक्रवार. अमेरिकेत त्याच अर्थाने 'अ वीक फ्रॉम फ्रायडे' असे म्हणतात. 'फोर्टनाइट' हा शब्द 'चौदा रात्री' यावरून आला. तो इंग्लंडात आणि आपल्याकडे सर्रास चालतो. अमेरिकेत मात्र तो क्वचितच वापरतात, म्हणून तेथे 'टू वीक्स' लिहावे. 'बायवीकली' हा शब्द तर टाळलेलाच बरा. त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही.

मराठी वळणाच्या चुका

आपल्या भाषेची काही वळणे इंग्रजीत नकळत उतरतात. मराठीत 'आठ दिवसांनी या' असे शुक्रवारी सांगितले की माणूस पुढच्या शुक्रवारी येतो. कारण आपण आजचा दिवसही मोजणीत धरतो. हेच शब्दशः 'आफ्टर एट डेज' असे लिहिले की इंग्रजी वाचणारा शनिवार किंवा त्यानंतरचा दिवस समजेल. तेथे 'इन अ वीक' म्हणावे. 'पंधरा दिवसांनी' याचेही तेच. मराठी मनात बहुधा दोन आठवडे असतात.

दुसरे वळण 'पर्यंत' या शब्दाचे. 'शुक्रवारपर्यंत अर्ज द्यावा' आणि 'शुक्रवारपर्यंत खिडकी उघडी राहील' ही दोन्ही वाक्ये मराठीत एकाच शब्दावर भागतात. इंग्रजीत पहिल्यासाठी 'बाय फ्रायडे' हवे, कारण काम एकदाच आणि मुदतीच्या आत व्हावयाचे आहे. दुसऱ्यासाठी 'टिल फ्रायडे', कारण क्रिया तोवर चालू राहणार आहे. 'बिफोर फ्रायडे' म्हटले तर शुक्रवार वगळला जातो आणि गुरुवार हा अखेरचा दिवस ठरतो. शुक्रवारही चालणार असेल तर 'ऑन ऑर बिफोर' हा प्रयोग निःसंदिग्ध होय.

आणखी एक बारकावा. 'धिस' किंवा 'नेक्स्ट' आधी असता 'ऑन' लावू नये. 'ऑन फ्रायडे' शुद्ध, 'नेक्स्ट फ्रायडे' शुद्ध. 'ऑन नेक्स्ट फ्रायडे' मात्र खटकते.

सोपे नियम

१. पत्रात वार आणि तारीख दोन्ही लिहावे : 'फ्रायडे, १४ ऑगस्ट २०२६'. दोहोंत विसंगती आढळली तर वाचणारा लगेच विचारील.

२. महिना अक्षरांत लिहावा. ५/८ म्हणजे आपल्याकडे ५ ऑगस्ट, पण अमेरिकेत ८ मे.

३. दूरध्वनीवर 'धिस कमिंग फ्रायडे, द फोर्टीन्थ' असे सांगावे आणि समोरच्याकडून तारीख पुन्हा वदवून घ्यावी.

४. तो दिवस कामकाजाचा आहे ना, हे पाहावे. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते.

५. मिळालेल्या संदेशात नुसता वार असेल तर विचारण्यात संकोच मानू नये. 'डू यू मीन द सेव्हन्थ ऑर द फोर्टीन्थ?' हा प्रश्न अज्ञानाचा नव्हे, दक्षतेचा आहे.

स्वाध्याय

समजा, आज सोमवार, १० ऑगस्ट २०२६ आहे. पुढील प्रयोगांवरून कोणती तारीख निघते, ते सांगा : (अ) थर्सडे वीक, (आ) बिफोर फ्रायडे, (इ) अ फोर्टनाइट टुडे, (ई) नेक्स्ट सॅटरडे.

उत्तरे : (अ) गुरुवार, २० ऑगस्ट. (आ) उशिरात उशिरा गुरुवार, १३ ऑगस्ट. (इ) सोमवार, २४ ऑगस्ट. (ई) निश्चित उत्तर नाही. १५ किंवा २२. गंमत अशी की, १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि २२ ऑगस्टला चौथा शनिवार. म्हणजे कोणताही अर्थ घेतला तरी बँक बंदच!

आरंभीच्या प्रसंगातील त्या संदेशात 'फ्रायडे' या शब्दापुढे '७ ऑगस्ट' एवढेच लिहिले असते, तर वडील वेळेत पोहोचले असते. रक्कम दोनदा लिहिण्याची शिस्त आपण अंगी बाणविलीच आहे. दिवसाच्या बाबतीतही तीच शिस्त पाळू या.