रोगी यंत्राची साक्ष

नवी मुंबईहून उरणच्या रस्त्याला लागलात की न्हावा शेवा बंदरातल्या उंच याऱ्या लांबूनच दिसू लागतात. जवाहरलाल नेहरू बंदर या नावाने ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. येथे बहुतेक माल कंटेनर नावाच्या लोखंडी पेट्यांतून येतो. बाहेरून सगळ्या पेट्या जवळजवळ सारख्या. कोणत्या पेटीत काय आहे, ती कोणत्या बोटीवर चढवायची आणि कोणत्या ट्रकवर उतरवायची, हे संगणकाला विचारल्याशिवाय कळत नाही.

२७ जून २०१७ रोजी या बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. गेटवे टर्मिनल्स इंडिया हे त्याचे नाव. वर्षाला वीस फुटी मापाच्या सुमारे १८ लाख पेट्या हाताळण्याची त्याची तेव्हाची क्षमता. याऱ्या धडधाकट होत्या, माणसे कामावर होती, पेट्याही जागच्या जागी होत्या. पण कोणती पेटी कुणाची हे सांगणारेच मुके झाले होते. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातले, आणि त्याच दिवशी त्या समूहाचे जगभरचे संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने ग्रासले होते.

अशा वेळी दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ सर्वांत आधी काय करील? तुम्ही म्हणाल, संगणक सुरू करील आणि विषाणू शोधील. जाणता तंत्रज्ञ नेमके हेच करत नाही. तो का करत नाही, हे आज आपण पाहू.

संगणकाचा विषाणू म्हणजे माणसानेच लिहिलेली एक आज्ञावली. ती दुसऱ्या आज्ञावलीला स्वतःची प्रत चिकटवते आणि ती दुसरी चालवली की हीदेखील चालते. नुसती चकतीवर पडून असेल तोवर ती काही करू शकत नाही. छापील कागदावरची पाककृती आपोआप शिजत नाही, तसेच हे. कुणीतरी ती चालवावी लागते. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता संगणक सुरू कसा होतो ते पाहा. तुम्ही बटण दाबता तेव्हा त्याच्या स्मृतीत कामाचे काहीच नसते. मुख्य पटावरच्या एका चिपमध्ये एक छोटी आज्ञावली कायमची बसवलेली असते, ती आधी जागी होते. जुन्या पद्धतीच्या संगणकात ती चकतीचा अगदी पहिला कप्पा वाचते. हा कप्पा अवघा ५१२ बाइटांचा असतो. त्यात जे लिहिले असेल ते ती स्मृतीत आणते आणि सारा कारभार त्याच्या हाती सोपवते. मग हा पहिला कप्पा विंडोजसारख्या मोठ्या प्रणालीला बोलावून घेतो.

शाळेचा शिपाई सकाळी सर्वांच्या आधी येतो, कुलूप काढतो, खोल्या उघडतो. त्याच्या जागी एखादा तोतया आला तर? मुख्याध्यापक, शिक्षक, विद्यार्थी हे सगळे नंतर येणारे. 'शाळेत कुणी परका आहे काय?' असे त्यांनी विचारले तर उत्तर देणारा तोच तोतया!

ही केवळ कल्पना नव्हे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला. आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांत पसरलेला हा पहिला विषाणू मानतात. गंमत म्हणजे त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता. हा विषाणू फ्लॉपी चकतीच्या पहिल्या कप्प्यात बसे आणि तिथला मूळ मजकूर दुसरीकडे हलवून ठेवी. एखाद्या तपासनीस आज्ञावलीने 'पहिला कप्पा दाखवा' असे विचारले की ब्रेन मध्येच ती मागणी अडवी आणि हलवून ठेवलेला मूळ मजकूर पुढे करी. तपासनीस तो वाचून म्हणे, सर्व काही ठीक आहे. तपासनीसात दोष नव्हता, त्याचे डोळेच दुसऱ्याच्या ताब्यात होते.

यावर त्या काळच्या तंत्रज्ञांनी काढलेला उपाय इतका साधा आहे की तो ऐकून तुम्हाला हसू येईल. संगणकाची वीज पूर्ण बंद करायची. नुसता पुन्हा सुरू करून भागत नाही, स्मृती पुसली गेली पाहिजे. मग आपल्या खिशातली, शुद्ध असल्याची खात्री असलेली फ्लॉपी घालून तिच्यावरून संगणक सुरू करायचा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. लिहिण्यास मनाई करणारी ही सोय आज्ञावलीत नव्हती, प्रत्यक्ष यंत्रात होती. त्यामुळे विषाणू कितीही धूर्त असला तरी त्या चिकटपट्टीपुढे त्याचे काही चालत नसे. आता रोगी चकती नुसती वाचण्याची वस्तू झाली. तिच्यावरचा विषाणू पडून राहिला, कारण त्याला कुणी चालवलेच नाही!

पुण्यात याच सुमारास एक दुरुस्तीचे दुकान होते. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले होते. पुढे संगणक आले तसे ते संगणक दुरुस्त करू लागले. दुकानात येणाऱ्या यंत्रांत एकही भाग बिघडलेला नसावा आणि तरी ते चालू नये, असे होऊ लागले, कारण आत विषाणू असत. धाकटे बंधू संजय तेव्हा पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका विषाणूवर उतारा लिहायला सुरुवात केली. मायकेलअँजेलो या विषाणूवरचा उतारा हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. १९९१ मध्ये सापडलेला हा विषाणू वर्षभर गप्प बसे आणि ६ मार्चला, म्हणजे त्या इटालियन शिल्पकाराच्या जन्मदिनी, संगणक सुरू केला की चकतीचे सुरुवातीचे कप्पे निरर्थक अक्षरांनी भरून टाकी. मात्र हार्ड डिस्कवरचा मूळ पहिला कप्पा तो पहिल्याच मार्गिकेतल्या सातव्या कप्प्यात नेऊन ठेवी. ६ मार्चच्या आधी कुणी शुद्ध फ्लॉपीवरून संगणक सुरू करून सातव्यातला मजकूर पहिल्यात आणून ठेवला, की रोगी बरा! दुकानातल्या या उताऱ्यांमधूनच पुढे 'क्विक हील' ही विषाणुरोधक प्रणाली उभी राहिली. मला यात विशेष वाटते ते हे, की प्रश्न प्रयोगशाळेतून नव्हे, दुरुस्तीच्या टेबलावरून आला.

फ्लॉपी गेली, पेन ड्राइव्ह आला, आणि रोगाचे स्वरूपही पालटले. समजा, वाशीच्या किंवा नेरूळच्या एखाद्या दुकानात विषाणूंनी बुजबुजलेला संगणक येतो. कोणते काम चालू आहे हे दाखवणारी खिडकी उघडत नाही. विषाणुरोधक प्रणाली सुरू होताच बंद पडते. दुरुस्तीसाठी ठेवलेली 'सेफ मोड' ही अवस्थाही चालत नाही. २००३ पासून माहीत असलेला 'सॅलिटी' हा विषाणू ही सारी कामे करतो. शिवाय तो एका जागी बसत नाही. चकतीवरच्या शेकडो आज्ञावलींत शिरतो आणि दर वेळी आपले रूप पालटतो, म्हणजे वेगळ्या किल्लीने स्वतःला कुलूपबंद करतो. ठरावीक अक्षरांची ओळ शोधून त्याला ओळखावे म्हटले तर ती ओळच दर वेळी निराळी.

अशा संगणकात तुम्ही नवी कोरी विषाणुरोधक प्रणाली नेऊन टाकली तर काय होईल? ती स्वतःच बाधित होईल. पूर्वी कित्येक तंत्रज्ञ एकच पेन ड्राइव्ह घेऊन दहा घरी जात आणि अकराव्या घरी दहा घरांचे विषाणू पोचवत. सुई न उकळता टोचणारा डॉक्टर आणि हे, यांत फरक तो काय? पेन ड्राइव्ह लावताच त्यावरची आज्ञावली आपोआप चालवण्याची सवय विंडोजला होती. जुन्या आवृत्त्यांची ही सवय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये मोडली, तोवर या मार्गाने पुष्कळ नुकसान झाले होते.

म्हणून जाणता तंत्रज्ञ संगणक उघडून चकतीच बाहेर काढतो. ती दुसऱ्या, निरोगी संगणकाला जोडतो. पुष्कळदा त्यावर लिनक्स असते, कारण विंडोजसाठी लिहिलेले विषाणू तेथे सहसा चालत नाहीत. रोगी चकतीवरची कोणतीही आज्ञावली तो चालवत नाही. छायाचित्रे, पत्रे, हिशेब, दहावीचा प्रकल्प असे कागदपत्र तेवढे उतरवून घेतो आणि बाकीची चकती पुसून प्रणाली पहिल्यापासून बसवतो.

'पुसायचे कशाला? नुसते साफ करा की!' असे गिऱ्हाईक म्हणते, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पुन्हा सर्व बसवायला अर्धा दिवस जातो, आणि काही आज्ञावली परत मिळतही नाहीत. पण शेकडो बाधित आज्ञावलींपैकी एक जरी नजरेतून सुटली तरी चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. 'व्हिरुट'सारखे काही विषाणू तर आज्ञावलीत शिरताना तिची मोडतोडच करून ठेवतात. विषाणू काढला तरी मूळ वस्तू परत येत नाही.

मग सर्व विषाणू अचूक ओळखणारी आज्ञावली कुणी लिहीत का नाही? अमेरिकेत फ्रेड कोहेन यांनी १९८३ मध्ये विषाणूंचे प्रयोग केले आणि १९८४ च्या निबंधात दाखवून दिले की अशी आज्ञावली असूच शकत नाही. त्यांची युक्ती तुम्हालाही समजेल. समजा, असा अचूक 'परीक्षक' आहे. मी एक खोडकर आज्ञावली लिहितो. ती चालू झाली की आधी परीक्षकाला विचारते, 'मी विषाणू आहे काय?' परीक्षक 'होय' म्हणाला तर ती काहीच करत नाही, गप्प बसते. 'नाही' म्हणाला तर पसरते. आता परीक्षकाने काय उत्तर द्यावे? 'होय' म्हटले तर ती निरुपद्रवी ठरते, 'नाही' म्हटले तर विषाणू ठरते. दोन्हीकडून परीक्षक खोटा! यावरून विषाणुरोधक प्रणाली निरुपयोगी आहे असे मात्र समजू नका. ती पुष्कळ विषाणू पकडते. सगळे पकडल्याची हमी देऊ शकत नाही, इतकेच.

आता न्हावा शेवाकडे परत येऊ. नॉटपेट्या युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रणालीच्या सुधारित आवृत्तीबरोबर घुसला. विंडोजमधल्या एका भोकातून आणि संगणकाच्या स्मृतीतून चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या साहाय्याने तो एका यंत्रातून दुसऱ्यात गेला. ते भोक बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. विषाणू आत आल्यावर थोड्या वेळाने संगणक आपण होऊन बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पडद्यावर सूचना येई की चकतीची दुरुस्ती चालू आहे, वीज बंद करू नका, नाहीतर सर्व माहिती नष्ट होईल. ही सूचना साफ खोटी होती! त्याच वेळी चकतीवरची फायलींची सूची कुलूपबंद केली जात होती. पडद्याचे न ऐकता ज्याने वीज तोडली, चकती काढली आणि दुसऱ्या यंत्राला जोडली, त्याला बरेच काही वाचवण्याची संधी होती. ज्याने सूचना पाळली त्याला शेवटी ३०० डॉलर खंडणीची मागणी दिसली. पण पैसे भरूनही किल्ली मिळण्याजोगी नव्हती, कारण ती परत मिळण्याची सोयच विषाणूत नव्हती.

मर्स्कने एकेक संगणक साफ करण्याचा नाद केला नाही. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सारे नव्याने बसवावे लागले. मोठी अडचण वेगळीच होती. कंपनीच्या जाळ्यात कुणाला काय पाहण्याची मुभा आहे, याची यादी सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत. एक बिघडला तर दुसरा आहे, असा हिशेब. पण सगळे एकाच जाळ्यात असल्याने सगळेच एकदम गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! त्यातली माहिती एका कर्मचाऱ्याने नायजेरियापर्यंत नेली, दुसऱ्याने तेथून विमानाने इंग्लंडला पोचवली, आणि तिच्यावरून ते जाळे पुन्हा विणले गेले.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न, वर्गात चर्चा करण्याजोगा. कॅमेऱ्यातल्या एसडी कार्डाच्या कडेला लिहिण्यास मनाई करणारी एक सरकपट्टी असते. ती कार्डाच्या आतल्या कोणत्याही मंडलाला जोडलेली नसते. पट्टी कोठे आहे हे कार्ड वाचणारे यंत्र पाहते आणि लिहायचे की नाही ते त्या बाजूला ठरते. फ्लॉपीच्या खाचेवरची चिकटपट्टी मात्र फ्लॉपी चालवणाऱ्या यंत्रालाच लिहू देत नसे. विषाणूंनी बुजबुजलेल्या संगणकाला या दोहोंपैकी एक जोडायची असेल, तर तुम्ही कोणती निवडाल, आणि का?