एक कार्ड, एक नाव



येत्या रविवारी आगमनकाळ सुरू होत आहे. त्यानिमित्त आज हाताने शुभेच्छापत्र कसे करावे याविषयी लिहिणार आहे. धर्मगुरूने कात्री-कागदाचे धडे का द्यावेत, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या नाताळात माझ्या हातून एक चूक झाली. वेळ वाचावा म्हणून मी सर्व कुटुंबांना छापील शुभेच्छापत्रे पाठवली. आत छापील मजकूर, खाली माझ्या सहीचा शिक्का आणि पाकिटावर कार्यालयातील यादीवरून काढलेली नावे. त्यातले एक पाकीट अशा घरी गेले, जिथली गृहिणी ऑक्टोबरमध्ये देवाघरी गेली होती. तिचा अंत्यविधी मीच केला होता. पाकिटावर मात्र पती-पत्नी दोघांची नावे होती आणि आत ‘आपल्या आनंदी कुटुंबास’ असे शब्द होते. जानेवारीत मी त्या घरी गेलो, तेव्हा ते कार्ड वेदीजवळ ठेवलेले दिसले. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “फादर, तिचं नाव पाहून आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, पाठवताना कोणी वाचलंच नव्हतं.” मी क्षमा मागितली, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले.

पहिले नाताळ कार्ड

विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळ कार्ड 1843 साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल या गृहस्थांकडे नाताळात इतकी पत्रे येत, की प्रत्येकाला उत्तर लिहिणे त्यांना जमेना. 1840 साली इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली होती आणि पत्रे वाढली होती. कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. मध्यभागी सहभोजन करणारे कुटुंब, एका बाजूला भुकेल्यांना अन्न देणारे आणि दुसऱ्या बाजूला गरिबांना वस्त्र देणारे लोक. म्हणजे दयेची कृत्ये पहिल्याच कार्डावर आली. त्या कार्डावर आणखी एक गोष्ट होती : कोणासाठी आणि कोणाकडून, हे लिहायला मोकळी जागा. छापणाऱ्याने बाकी सर्व केले. नावे मात्र पाठवणाऱ्याने हाताने लिहायची. मी गेल्या वर्षी नेमकी तीच जागा यंत्राकडून भरून घेतली.

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलची चार कारणे शिकवत. कोणतीही वस्तू समजून घ्यायची, तर चार प्रश्न विचारावेत : ती कशाची आहे, तिचा आकार काय, ती कोणी केली आणि ती कशासाठी आहे? माझ्या कार्डाला चांगला कागद होता, सुबक आकार होता, करणाराही होता. चौथ्या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते. ते कोणा एकासाठी केलेलेच नव्हते. म्हणून हे कार्ड करताना आपण चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करू. कागद हातात घेण्याआधी एका व्यक्तीचे नाव ठरवा आणि तिच्यासाठी एक प्रार्थना म्हणा.

कागद व घडी

250 ते 300 जीएसएमचा जाड कागद घ्या. ए-4 कागदाचे आडवे दोन तुकडे केले, की प्रत्येकाची मधोमध घडी घालून 105 × 148 मिलिमीटरचे कार्ड होते. एका कागदात दोन कार्डे. घडी घालण्याआधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, म्हणजे घडी सरळ येते. कागदाला धागा असतो. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेने घडी घाला. विरुद्ध घातली, तर कडेला कागद फाटल्यासारखा दिसतो.

शिक्का

रबरी शिक्का किंवा ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचा पारदर्शक शिक्का, दोन्ही चालतील. शाईची पॅड शिक्क्यावर हलकेच थापटा. जास्त शाई झाली, की बारीक रेषा भरून जातात. कागदाखाली जुन्या वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा. शिक्का सरळ ठेवा, तळव्याने दाबा, डोलवू नका आणि सरळ वर उचला. आधी रद्दी कागदावर करून पाहा. काम झाले, की ओल्या फडक्याने शिक्का पुसा.

साधी शाई लवकर वाळते. पिगमेंट शाई काही वेळ ओली राहते, म्हणून तिच्यावर एम्बॉसिंगची पूड चिकटते. जादा पूड झटकून गरम हवेच्या यंत्राने ती वितळवली, की उठावदार चकचकीत अक्षर तयार होते. केस वाळवण्याचे यंत्र येथे कामाचे नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि वाऱ्याने पूड उडते.

शिक्का विकत घ्यायलाच हवा असे नाही. बटाटा अर्धा कापून, फडक्याने कोरडा करून त्यावर तारा कोरता येतो. भेंडीच्या आडव्या कापाचा तर तयार तारा मिळतो. अक्षरे कोरायची असतील, तर ती उलटी कोरावी लागतात, तेव्हाच कागदावर सुलटी उमटतात.

डाय कटिंग

लग्नपत्रिकांवर कापलेली खिडकी किंवा क्रूस आपण पाहिला आहे. घरगुती डाय म्हणजे धारदार कडेचा पातळ धातूचा साचा. तो धार खाली करून कागदावर ठेवतात, वर-खाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठेवतात आणि हे सर्व हाताने फिरवायच्या यंत्राच्या दोन रुळांमधून नेतात. दाबाने कागद साच्याच्या आकारात कापला जातो. यंत्र नसेल, तर मोठ्या माणसाच्या मदतीने कात्री आणि ब्लेड पुरेसे आहे.

कार्डाच्या पुढच्या पानावर एक तारा कापून काढा. कापलेला तारा फेकू नका. आतल्या पानावर चिकटवा. पुढची खिडकी तशीच मोकळी राहू द्या. ज्या घरातून या वर्षी कोणी गेले आहे, त्या घराला ती मोकळी जागा समजेल. ती सजावटीने झाकायची गरज नाही.

आत काय लिहावे?

खरे काम येथे आहे. दुखवट्याच्या घरी सण नसतो, म्हणून आपण तिकडे शुभेच्छा पाठवत नाही. संकोच खरा असतो. पण त्यामुळे ज्यांना सर्वांत जास्त सोबत हवी, त्यांच्याकडेच नाताळात कोणी फिरकत नाही. दुःखितांचे सांत्वन हे दयेच्या आत्मिक कृत्यांपैकी एक आहे, आणि त्याला सणाची सुट्टी नाही.

लिहिताना तीन गोष्टी पाळाव्यात. गेलेल्या व्यक्तीचे नाव लिहावे. घरच्यांना ते ऐकायचे असते. तिची एखादी खरी आठवण लिहावी, एका ओळीची असली तरी चालेल. आणि पाळता येईल असे एकच वचन द्यावे : अमुक दिवशी मिस्सामध्ये प्रार्थना करीन, किंवा अमुक दिवशी संध्याकाळी येऊन बसेन. ‘देवाची इच्छा’, ‘आता सावरा’ असे शब्द टाळावेत. लाजरसच्या कबरेपाशी प्रभू येशूने आधी उपदेश केला नाही. तो रडला (योहान 11:35).

अक्षर वळणदार नसेल, तर संकोच करू नका. 1949 साली युनिसेफने काढलेल्या पहिल्या शुभेच्छापत्रावर चेकोस्लोव्हाकियातील यित्का या सात वर्षांच्या मुलीचे चित्र होते. महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल आभार मानण्यासाठी तिने ते काढले होते, आणि कागद नव्हता म्हणून काचेवर रंगवले होते.

आपल्यावरील छाप

इब्री लोकांस पत्रात (1:3) पुत्राविषयी बोलताना लेखकाने ‘कॅरॅक्टर’ हा ग्रीक शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ शिक्क्याची उमटलेली छाप. पित्याचे स्वरूप पुत्रात हुबेहूब उमटले आहे, हा त्याचा आशय. ख्रिस्तसभा शिकवते, की स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा या तीन संस्कारांनी आत्म्यावर न पुसणारी छाप उमटते. म्हणून ते पुन्हा दिले जात नाहीत. छाप सर्वांवर एकच. पण स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारतात. देवाच्या कामातही शिक्का आणि नाव एकत्र असतात. संत पौल करिंथकरांना सांगतो, की तुम्हीच ख्रिस्ताचे पत्र आहात, आणि ते शाईने लिहिलेले नाही (2 करिंथ 3:2-3). आपण पाठवलेले कार्ड उघडले, की आत हे दुसरे पत्र वाचता यावे.

आगमनकाळातील पहिल्या दोन शनिवारी, दुपारी 4 वाजता, सभागृहात आपण एकत्र बसून कार्डे करू. एका भगिनीने आपले डाय कटिंगचे यंत्र देऊ केले आहे. शिक्के आणि कागद कार्यालय देईल. या वर्षी ज्या घरांतून आपण अंत्ययात्रेला निघालो, त्या प्रत्येक घरासाठी एक कार्ड होईल. ती पोस्टाने जाणार नाहीत. करणाऱ्याने स्वतः नेऊन द्यायची. त्या गृहस्थांचे कार्ड मी करणार आहे, आणि पाकिटावरचे नाव मी स्वतः लिहिणार आहे.

विचारासाठी : 1. गेल्या नाताळात मी कोणाला न वाचताच शुभेच्छा पुढे पाठवल्या? 2. माझ्या गल्लीत यंदा कोणाच्या घरी सण नाही? 3. मी कोणते एक वचन देऊन पाळू शकतो?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू