भूकंप आणि चूल

१ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारी बारा वाजावयास दोन मिनिटे असताना, जपानचा कांतो प्रदेश भूकंपाने हादरला. घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. वाराही सोसाट्याचा होता. लाखाहून अधिक माणसे दगावली, ती बहुतांशी आगीने. जपान हे विसरला नाही. १९६० पासून तो दिवस तेथे आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळला जातो. शाळेतील मुले मेजाखाली शिरतात, डोके झाकतात आणि धक्के थांबल्यावरच रांगेने मैदानात जातात.

विद्यार्थिमित्रहो, १९९३ साली किल्लारीत पहाटे दगडमातीच्या भिंतींनी निजलेली माणसे गाडली. भूकंपाची वेळ आम्हां कोणासही सांगता येत नाही. पण उशाशी जड कपाट नसावे, एवढे आज रात्रीच पाहा, अशी आमची विनंती आहे.