रोमन नाणी : ओळख आणि स्वच्छता

तमिळनाडूतील करूर शहराजवळून अमरावती नदी वाहते. तिच्या पात्रातील वाळूत, त्याचप्रमाणे मदुरेजवळ वैगई नदीच्या पात्रात, नखाएवढ्या आकाराची तांब्याची नाणी सापडतात. त्यांच्यावर हिरव्या-काळ्या गंजाचा आणि चिकटून बसलेल्या वाळूचा थर असतो. पाहणाऱ्याला ती भंगारातील टिकल्यांसारखी वाटतात आणि पुष्कळदा तिची गत भंगाराचीच होत आली आहे. वास्तविक त्यांपैकी बरीच नाणी इसवी सनाच्या चौथ्या व पाचव्या शतकांतील रोमन सम्राटांची आहेत. आर. कृष्णमूर्ती यांनी करूर, मदुरे आणि तिरुक्कोयिलूर येथील अशा नाण्यांवर १९९४ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा या दुर्लक्षित साधनाचे मोल अभ्यासकांच्या ध्यानी आले. थरासकट ओळखता न येणारे आणि थर चुकीच्या रीतीने काढल्यास कायमचे मुके होणारे असे हे नाणे असते. म्हणून ओळख आणि स्वच्छता या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

भारतात सापडणारी रोमन नाणी तीन धातूंची आहेत. सोन्याचे ते ‘ऑरियस’, चांदीचे ते ‘डिनॅरियस’. तांब्या-पितळेच्या नाण्यांना मात्र वेगवेगळी नावे होती. ऑगस्टसच्या व्यवस्थेनुसार एका ऑरियसचे २५ डिनॅरियस, एका डिनॅरियसचे ४ सेस्टर्शियस आणि एका सेस्टर्शियसचे ४ ‘अस’ होत असत. हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने पहिल्या शतकात केली, ती याच चलनाच्या हिशेबात. ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथातही भडोचच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी आणली जात व तेथील चलनाशी त्यांचा फायदेशीर बदला होत असे, असे म्हटले आहे.

नाणे हाती येताच प्रथम धातू, वजन आणि व्यास यांची नोंद करावी. चित्राकडे नंतर वळावे. ऑगस्टसच्या काळी एका रोमन पौंड सोन्यातून सुमारे ४० ऑरियस पाडले जात, म्हणजे एकाचे वजन ८ ग्रॅमच्या किंचित खाली येई. इ. स. ६४ मध्ये नीरोने ही संख्या ४५ वर नेली आणि चांदीच्या नाण्याचे वजन व कसही घटवला. दक्षिण भारतातील चांदीच्या निधींमध्ये नीरोपूर्वीच्या, विशेषतः ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या नाण्यांचे जे प्राबल्य आढळते, त्याचा संबंध अनेक विद्वान या घटीशी जोडतात. नाणे पारखून घेणारा येथील व्यापारी सम्राटाच्या मुखवट्याला भुलणारा नव्हता, असे मानण्यास जागा आहे.

तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्ले येथे सापडलेल्या निधीत १,५३१ डिनॅरियस होते. त्यांतील दोन प्रकार संग्राहकाने डोळ्यांपुढे ठेवावेत, कारण भारतात रोमन चांदीचे नाणे हाती आले तर ते या दोहोंपैकी एक असण्याचा संभव अधिक. पहिला प्रकार ऑगस्टसचा : पृष्ठभागावर गायस आणि ल्युशियस हे त्याचे दोन दत्तक पुत्र उभे असून त्यांच्यामध्ये ढाली व भाले दिसतात. दुसरा टायबेरियसचा : पृष्ठभागावर आसनस्थ स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी. ही स्त्री म्हणजे सम्राटाची माता लिव्हिया असावी असे सामान्यतः समजले जाते. तिच्या दोन्ही बाजूंना ‘पाँटिफ माक्सिम’, म्हणजे ‘प्रमुख धर्माधिकारी’, हा लेख असतो. टायबेरियसने हे चित्र आपल्या राजवटीत जवळजवळ बदललेच नाही. त्यामुळे आसनाच्या पायांची घडण आणि अक्षरांचे वळण अशा बारीक फरकांवरूनच त्याचे आधीचे व नंतरचे गट लावावे लागतात.

पुष्कळ सम्राटांची नाणी याहून अधिक बोलकी आहेत. पुरोभागावरील लेखात नावाबरोबर पदव्यांची संक्षिप्त रूपे असतात. ‘इंप’ म्हणजे सेनापती-सम्राट आणि ‘औग’ म्हणजे ऑगस्टस, हे शब्द वारंवार येतात. पण कालनिर्णयाला खरा उपयोग होतो तो ‘त्र प’ आणि ‘कोस’ यांचा. पहिला जनरक्षकाच्या अधिकाराचा निर्देश असून तो अधिकार दरसाल नव्याने मिळे, म्हणून त्यापुढे अंक असल्यास वर्षच कळते. दुसरा ‘कॉन्सल’ या पदाचा. ट्राजनच्या नाण्यावर ‘कोस’पुढे पाचाचा अंक असेल तर ते इ. स. १०३ ते १११ या काळातील, सहाचा असेल तर ११२ नंतरचे. एवढासा अंक एका उभ्या रेघेने बदलतो. घासणाऱ्याच्या ब्रशखाली ती रेघ गेली की तारीखही गेली.

तिसऱ्या शतकात चित्र बदलते. काराकालाने इ. स. २१५ मध्ये किरणांचा मुकुट धारण केलेल्या मस्तकाचे नवे नाणे काढले. पुढे त्यातील चांदी इतकी घटत गेली की गॅलिएनसच्या अखेरीस तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा तेवढा उरला. अशा नाण्यावर कोठे कोठे शिल्लक असलेली पांढरट झाक ही घाण नसून मूळ मुलामा असतो. नवशिका संग्राहक सर्वांत आधी नेमकी तीच घासून काढतो. चौथ्या शतकातील छोट्या नाण्यांवर सैनिकांच्या जोडीमधील ध्वज, लांडगीचे दूध पिणारी जुळी मुले, पडलेल्या घोडेस्वाराला भाला मारणारा शिपाई अशी ठरावीक चित्रे येतात. लेख झिजला असला तरी चित्रावरून काळ पुष्कळसा निश्चित होतो. चित्राखाली, आडव्या रेघेच्या तळाशी, टांकसाळीचे चिन्ह असते. अँटिऑक, अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल यांची आद्याक्षरे तेथे शोधावीत.

भारतातील संग्राहकापुढे आणखी एक पेच असतो. रोमन नाण्यांच्या नकला येथेही होत. त्यांवर मस्तक ओळखू येते, परंतु लेखाच्या जागी नुसत्या रेघोट्या किंवा उलटसुलट अक्षरे असतात. अशी नक्कल ‘खोटी’ म्हणून फेकून देणे ही मोठी चूक ठरेल, कारण तीही त्या व्यापाराचाच पुरावा आहे. आधुनिक बनावट नाण्याची गोष्ट वेगळी. खरे नाणे दोन ठशांमध्ये हातोड्याने पाडलेले असते. ओतीव नाण्याच्या कडेला सांध्याची रेषा, पृष्ठावर सूक्ष्म बुडबुड्यांचे खळगे आणि साबणासारखा गुळगुळीतपणा दिसतो. नाणे हवेत व पाण्यात तोलून त्याचे विशिष्ट गुरुत्व काढल्यास सोन्यातील भेसळ तर सहज उघडी पडते; शुद्ध सोन्याचे गुरुत्व १९.३ आहे.

आता स्वच्छतेविषयी. सोन्याला गंज चढत नाही; कोमट ऊर्ध्वपातित पाणी पुरे. मात्र त्यावरील प्रत्येक खूण दोष मानू नये. पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियस सापडले. त्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीने मुद्दाम घाव घातलेला होता. चलन म्हणून ती रद्द करण्यासाठी हे केले असावे, असे एक मत आहे. एखाद्या सोनाराकडून तो घाव बुजवून घेतला असता तर हा प्रश्नही शिल्लक राहिला नसता. कण्णूरजवळ कोट्टयम येथे १८४७ मध्ये निघालेली शेकडो सुवर्णनाणी अशीच हातोहात पांगली आणि त्यांपैकी थोड्यांचीच नोंद होऊ शकली.

चांदी जमिनीत काळवंडते आणि ठिसूळ होते. ती चोळली वा वाकवली तर तिचे तुकडे होऊ शकतात. डिनॅरियसवर दिसणारा हिरवा डाग मिश्रणातील तांब्याचा असतो, त्यावरून नाणे खोटे ठरत नाही.

खरी परीक्षा तांब्याची. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंच आणि मीठ लावून लखलखीत करण्याची रीत आहे. भांड्याला ती मानवते, प्राचीन नाण्याला मात्र ती विषासमान आहे. चिंचेतील आम्ल नाण्यावरचा स्थिर हिरवा थर विरघळवते. कित्येकदा मूळ धातू आतून खाल्ला गेलेला असून अक्षरांचा उठाव त्या थरातच उरलेला असतो, त्यामुळे थराबरोबर अक्षरेही जातात. मिठातील क्लोराइड आत शिरते ते वेगळेच. ओलावा आणि हवा मिळताच क्लोराइडपासून आम्ल तयार होते, ते तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड होते आणि हे चक्र थांबत नाही. नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड उमटते. यालाच ब्राँझचा रोग म्हणतात. गडद, घट्ट आणि गुळगुळीत हिरवा थर हा रोग नव्हे, ते नाण्याचे कवच आहे.

म्हणून पहिला उपाय सर्वांत साधा : नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवावे आणि पाणी दर काही दिवसांनी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते वर्ज्य. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी माती सैल होते. मग भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने ती कणाकणाने उचलावी. काडी अक्षरावरून कधीही ओढू नये. कडेच्या मोकळ्या जागेतून आत यावे आणि चित्राचा भाग शेवटी घ्यावा. तारेचा ब्रश, भांडी घासण्याची पूड आणि तापवणे या गोष्टी सर्वथा टाळाव्यात. अनेक संग्राहक ऑलिव्हच्या तेलात नाणी मुरवतात. त्या तेलातही सौम्य आम्ल असते, आणि आत मुरलेले तेल पुढील रासायनिक उपचारांच्या आड येते. रोग जडलेले नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करावे. प्रयोगशाळेत त्यावर सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या किंवा बेन्झोट्रायझोलच्या द्रावणाचा उपचार करतात. दुसरे रसायन आरोग्यास अपायकारक असल्याने ते घरी हाताळण्याजोगे नाही. मोलाच्या नाण्यासाठी संग्रहालयाचा किंवा लखनौ येथे १९७६ साली स्थापन झालेल्या सांस्कृतिक संपदा संरक्षणाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा.

कायद्याचेही भान ठेवले पाहिजे. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाहीत.

स्वच्छतेपूर्वी आणि नंतर नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. सापडल्याचे ठिकाण, सोबतची इतर नाणी आणि केलेले उपचार एका चिठ्ठीवर लिहून ती नाण्याजवळच ठेवावी. पीव्हीसीच्या पिशव्यांतून कालांतराने आम्ल सुटते, त्याऐवजी आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत आणि डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. कोकण-मलबारसारख्या दमट किनाऱ्यावर ही पुडी पावसाळ्यात वरचेवर तापवून पुन्हा कोरडी करावी लागते. त्याच वेळी प्रत्येक तांब्याचे नाणे भिंगाखाली धरून फिकट हिरव्या पुडीचा ठिपका कोठे उमटला आहे काय, हे पाहावे.