मायोर्काच्या दगडांना वेळ दे

पोरी, मायोर्काला जायचं ठरवलंयस तर तिकिटाइतकाच विचार दिवसाच्या आखणीचाही कर. त्या बेटावर एका दिवसात पाच ठिकाणं उरकता येतात, पण रात्री डोळे मिटल्यावर त्यातलं एकही नीट आठवत नाही. माझं ऐकशील तर एका दिवसाला एकच मोठी वास्तू धर. ती तिच्या वेळेला बघ आणि उरलेला दिवस तिच्या आसपास हिंड.

पाल्माचं कॅथेड्रल, म्हणजे ‘ला सेऊ’, सकाळीच गाठ. जाउमे पहिला या राजाने १२२९ च्या अखेरीस मुस्लिम सत्तेकडून हे शहर जिंकलं. मग मोठ्या मशिदीच्या जागेवर हे चर्च उभं राहू लागलं आणि बांधकाम कित्येक पिढ्या चाललं. आत छत ४४ मीटर उंच आहे आणि ते पेलणारे खांब मात्र सडपातळ. आत शिरलीस की फोन पिशवीत टाक आणि कुठेतरी मध्यावर शांत बस. पूर्वेच्या भिंतीत अगदी उंचावर हजाराहून जास्त रंगीत काचांची गोल खिडकी आहे. सकाळचं ऊन तिच्यातून येतं आणि खांबांवर, भिंतींवर रंग सरकत जातात. हे उभ्या उभ्या बघून होत नाही. २ फेब्रुवारी किंवा ११ नोव्हेंबरच्या आसपास तिथे असशील तर भल्या पहाटे उठ. त्या दोन सकाळी या खिडकीचं रंगीत प्रतिबिंब समोरच्या भिंतीवर, पश्चिमेच्या गोल खिडकीच्या बरोबर खाली पडतं. एकाखाली एक अशी दोन वर्तुळं दिसतात.

दारातून थेट वेदीपर्यंत नजर जाते, ती वास्तुकार अंतोनी गाऊदीमुळे. १९०४ ते १९१४ या काळात त्याने इथे काम केलं आणि गायकवृंदाची मधोमध असलेली आसनं तिथून हलवली. वेदीच्या उजव्या हाताला चित्रकार मिकेल बार्सेलोने मातीत घडवलेलं दालन आहे, २००७ मध्ये खुलं झालेलं. भाकरी आणि मासे भिंतीतून उमटून आलेले दिसतील. जुन्या वास्तूत नवं काम कसं बसवलंय ते शांतपणे बघ. खांदे झाकणारे कपडे घाल. रविवार प्रार्थनेचा असतो, त्या दिवशी पाहुणी म्हणून जाऊ नकोस.

तिथून मागच्या गल्ल्यांत चालत गेलीस की अरब स्नानगृह लागेल. जागा लहानशी आहे, म्हणून लोक दाराशी फोटो काढून परततात. तू घुमटाखाली उभी राहा. घुमट बारा खांबांवर आहे. खांबांचे माथे एकेक करून बघ, ते एकसारखे नाहीत, कारण आधीच्या पडलेल्या इमारतींचे दगड उचलून इथे लावलेत. जुन्याच्या दगडावर नवं चढवायची त्या बेटाची रीत इथे हाताच्या अंतरावर दिसते.

बेल्वेर किल्ल्यासाठी दुपार उतरल्यावर नीघ. पाइनच्या झाडीतून चढ आहे, पाणी बरोबर ठेव आणि पकड असलेले बूट घाल. जाउमे दुसरा याने १३०० च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला गोल आहे. अंगणही गोल, भोवती दोन मजली कमानी, खालच्या अर्धगोल आणि वरच्या टोकदार. मुख्य बुरूज वेगळा उभा आहे, त्याला पुलाने जोडलंय. १८०२ ते १८०८ या काळात होवेयानोस हा विचारवंत मुत्सद्दी इथे कैदेत होता. त्याने बंदिवासात या किल्ल्याचं वर्णन लिहिलं आणि जिथे त्याला जाता येत नव्हतं त्या शहरातल्या इमारतींचंही, माहिती जमवून जमवून. गच्चीवर गेलीस की उपसागराच्या काठावरचं कॅथेड्रल शोध आणि थोडा वेळ त्याच्या नजरेने शहर बघ.

आता वेळापत्रकाचं. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि खेड्यातली चर्चं दुपारी कुलूप लावतात. निघण्याआधी त्याच आठवड्याची वेळ तपासून घे. पाट्या कातालान भाषेत असतात: ‘ओबेर्त’ दिसलं तर उघडं, ‘तंकात’ दिसलं तर बंद. जून-जुलैत उजेड रात्री नऊपर्यंत असतो, तेव्हा भर दुपारी जेवून विश्रांती घे, नंतर भरपूर दिवस उरतो.

डोंगराकडे जाताना गाडी भाड्याने घ्यायलाच हवी असं नाही. पाल्मातल्या प्लासा द’एस्पान्या चौकाखालच्या स्थानकातून बस मिळते. वाल्देमोसाहून देयामार्गे सोयेरकडे जाताना डाव्या हाताला बस, समुद्र त्या बाजूला असतो. वाल्देमोसाच्या मठात संगीतकार शोपाँ आणि लेखिका जॉर्ज सांद १८३८-३९ च्या हिवाळ्यात राहिले. भिक्षू १८३५ मध्ये तिथून गेले होते, म्हणून खोल्या भाड्याने मिळाल्या. पियानो बघच, पण खोलीमागच्या बागेतही जा आणि तिथून दरी बघ.

या वाटेवर उतारभर दगडी बांध दिसतील. त्रामुन्ताना डोंगररांगेला २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, ते या बांधांसाठी, पाटांसाठी, ऑलिव्हच्या मळ्यांसाठी. कोकणातल्या गडग्यासारखेच हे बांध चुना-माती न वापरता, दगडाला दगड बसवून रचलेत. दक्षिणेला युकमाजोरजवळ ‘कापोकोर्ब वेल’ इथे याच रचनेचे बुरूज आहेत, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी उभारलेले. राजवाडे राजांच्या नावावर जातात, हे काम नावं न राहिलेल्या हातांचं आहे, म्हणून यासाठी एक अख्खा दिवस राख. २०१८ पासून ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे आणि आजही माणसं ढासळलेले बांध हाताने पुन्हा रचतात.

म्हणून शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: बांधावर चढू नकोस, त्यातला दगड काढू नकोस, आठवण म्हणून खडाही उचलू नकोस. तिथे प्रत्येक दगड शेजारच्याला धरून असतो आणि एक निघाला की पुढच्या पावसात सगळा बांध खाली येतो.