वजन आधी, वर्ग नंतर

प्रश्न : माझी ११९७ सीसीची टर्बो हॅचबॅक पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत उतरवायची आहे. कोणता वजनगट घ्यावा? (एक वाचक, विश्रांतवाडी)

उत्तर : अमेरिकेतील स्टॉक वर्गात वजन व अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावरून प्रतवारी होते, आपल्याकडे मात्र ती मुख्यत्वे इंजिनाच्या घनक्षमतेवरून ठरत असल्याने, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरील शर्यतीसारख्या स्पर्धेस अर्ज करण्यापूर्वी तिची नियमावली बारकाईने वाचणे अगत्याचे आहे, कारण टर्बोला १.७ ने गुणण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात तेथे मुक्रर असेल, तर आपले इंजिन २०३५ सीसीचे गणले जाऊन दोन हजारांच्या वर्गाबाहेर पडेल.

मग वजन. चारही चाकांखाली स्वतंत्र काटे ठेवून, चालकासह व शर्यतीपुरते इंधन भरून ते करावे. काळ हा वजन-शक्ती गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून १०२५ किलोंतून ५० किलो घटविले, तरी सोळा सेकंदांतून जेमतेम पाव सेकंद वाचतो, आणि एवढ्यासाठी संरक्षक सांगाडा किंवा आसनपट्टे यांना हात लावणे मला सर्वथा अमान्य आहे. किमान मर्यादेच्या किंचित खाली राहून उणीव शिशाच्या ठोकळ्यांनी भरून काढता येईल, असाच वर्ग निवडावा. ते ठोकळे तळाशी बोल्टांनी जखडावे, वाळूची सुटी पोती कदापि ठेवू नयेत. आणि चाचणी आळंदी रस्त्यावर नव्हे, परवानगीच्या बंदिस्त धावपट्टीवरच घ्यावी.