माहिती द्यावी केव्हा?

दुकानदाराने दूरध्वनी क्रमांक विचारताच तो सांगून मोकळे होणे, हा आपला परिपाठच झाला आहे. परंतु मागेल ते देणे म्हणजे शिष्टाचार नव्हे.

प्रथम हेतू पाहावा. माल घरपोच हवा असल्यास पत्ता द्यावाच लागतो. पण वही-पेन्सिलीच्या रोख खरेदीस जन्मतारीख कशाला? बिलासाठी क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानेही मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना सांगितले.

दुसरे, प्रमाण पाहावे. आधारची प्रत देणे भागच पडले, तर पुष्कळदा केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी ‘मास्क्ड’ प्रत पुरते.

तिसरे, मागणारा कोण हे पाहावे. आपण होऊन बँकेत गेलो असता ओळख पटविणे योग्यच. मात्र बँकेचे नाव सांगून दूरध्वनीवर कोणी ओटीपी विचारल्यास तो कदापि सांगू नये.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याचे नित्य रक्षण मात्र आपल्याच हाती आहे. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येईल. परहस्ते गेलेली जन्मतारीख बदलून घेता येत नाही.